पेटीतून काय काय गेलं

गुडघा फुटला की लाल औषध, चटका बसला की पिवळं बर्नोल, तोंड आलं की जांभळं जेन्शन व्हायोलेट. एका पिढीच्या मराठी मुलांना प्रथमोपचार म्हणजे रंग, हे पक्कं ठाऊक होतं. रंग लागला की आई निश्चिंत आणि पोरगं परत मैदानात. आज घरात, गाडीत किंवा ट्रेकच्या सॅकमध्ये ठेवायची प्रथमोपचार पेटी भरायची म्हणून डॉक्टरांकडे यादी मागितली, तर या तिन्ही रंगांपैकी एकही बहुधा तिच्यात येणार नाही. पेटीत काय ठेवावं हे सांगणाऱ्या याद्या उदंड आहेत. तिच्यातून काय गेलं आणि जाण्याआधी किती वर्षं ठाण मांडून बसलं होतं, हे मात्र कुणी सांगत नाही. मला तेच जास्त बोलकं वाटतं.

मुळात ही पेटी तुमच्या-माझ्यासाठी नव्हतीच. जॉन वुडॉल हा ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला सर्जन-जनरल. हिंदुस्थानकडे निघणाऱ्या जहाजांवरच्या औषधपेट्या भरून देण्याची जबाबदारी त्याच्याकडे होती. पेटीतल्या प्रत्येक वस्तूचा उपयोग तरुण सर्जनांना कळावा म्हणून त्याने १६१७ साली ‘द सर्जन्स मेट’ हे पुस्तक काढलं. हाड कापायच्या करवती, चिमटे, मलमं, अर्क असा सगळा संसार त्यात आहे; स्कर्व्हीवर लिंबाचा रस द्या, असंही वुडॉल तेव्हाच सांगून गेला. पण ही पेटी उघडायची ती सर्जनने. खलाशाच्या वाट्याला फक्त सोसणं. आपल्याकडेही फार वेगळं नव्हतं. सुश्रुतसंहितेत जखम बांधायचे चौदा बंध सांगितले आहेत, कोणता बंध शरीराच्या कोणत्या भागाला शोभतो याचा बारकाईने विचार आहे; पण ते शिकायचं वैद्याच्या शिष्याने.

सामान्य माणसाच्या हातातली आपल्याकडची खरी पेटी म्हणजे आजीबाईचा बटवा. वेखंड, मुरडशेंग, बाळहिरडा, जायफळ, सुंठ, अतिविष, काकडशिंगी: यादी नीट वाचली तर कळतं की बटव्याचं लक्ष पोटाकडे आणि तान्ह्या बाळाकडे होतं. जखमेसाठी त्यात फारसं काही नसे. ते काम स्वयंपाकघरातल्या हळदीचं, दाढीच्या सामानातल्या तुरटीचं आणि बांधावरच्या दगडीपाल्याचं. कुठे त्याला एकदांडी म्हणतात, कुठे कंबरमोडी. गवत कापताना विळा लागला की पानं चुरगाळून रस पिळायचा, हे खेड्यातल्या पोरालाही सांगावं लागत नसे. गंमत अशी, की ही वनस्पती मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतली. मिरची-बटाट्यासारखीच ती परमुलखातून आली आणि आजीने बिनदिक्कत आपली म्हटली. परंपरा म्हणून आपण जिला हात लावायला कचरतो, ती आजी नवं घ्यायला कचरत नव्हती.

डॉक्टर नसलेल्या माणसाने शास्त्रशुद्ध मलमपट्टी करावी, ही कल्पना मात्र रणांगणावर जन्मली. जर्मनीतल्या कील शहरातला लष्करी सर्जन फ्रीडरिश फॉन एस्मार्क याने पाहिलं की सर्जन पोचेपर्यंत सैनिक रक्त जाऊन मरतो. १८६९ मध्ये त्याने रणभूमीवरच्या पहिल्या पट्टीबद्दल पुस्तिका लिहिली आणि सैनिकाच्या खिशात मावेल अशी त्रिकोणी पट्टी सुचवली. पट्टी कशी बांधायची याची चित्रं पट्टीच्या कापडावरच छापलेली असत. पुस्तक हरवलं तरी धडा हातात. डोकं, गुडघा, मोडलेला हात, कशालाही चालणारं एवढं साधं साधन या क्षेत्रात दुसरं झालं नाही, असं माझं ठाम मत आहे. शाळेत स्काउटमध्ये असलेल्यांना आठवेल, गळ्यातला स्कार्फ सोडला की तीच पट्टी होते. रीफ गाठ मारली की हाताला झोळी तयार.

ही विद्या नागरिकांपर्यंत आणली इंग्लंडमधल्या सेंट जॉन अँब्युलन्स असोसिएशनने. स्थापना १८७७ ची. पुढच्याच वर्षी सर्जन-मेजर पीटर शेफर्ड याने वुलिच इथे साध्या नागरिकांचे पहिले वर्ग घेतले आणि छोटं पाठ्यपुस्तक तयार केलं. त्याचं यश त्याला पाहता आलं नाही. जानेवारी १८७९ मध्ये झुलू युद्धातल्या इसांडल्वाना इथे तो मारला गेला. एस्मार्कने लंडनला येऊन हे काम पाहिलं आणि कीलला परतून तशीच शाळा काढली. त्याच्या व्याख्यानांचं इंग्रजी भाषांतर खुद्द व्हिक्टोरिया राणीच्या मुलीने, राजकन्या हेलेनाने केलं.

ज्ञान लोकांपर्यंत आलं तरी तयार पेटी दुकानात यायला रेल्वे लागली. अमेरिकेच्या पश्चिमेकडे रूळ टाकणारे मजूर अपघातात सापडत आणि सर्वांत जवळचं इस्पितळ कित्येक मैल दूर असे. जोसेफ लिस्टरच्या जंतुनाशक शस्त्रक्रियेने भारावलेल्या रॉबर्ट वुड जॉन्सनने भावांबरोबर न्यू जर्सीत १८८६ साली कंपनी काढली होती. रेल्वेच्या एका सर्जनशी बोलताना त्याला ही अडचण कळली, असं सांगतात. १८८८ मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या पेट्या बाजारात आल्या: निर्जंतुक गॉज, कापूस, पट्ट्या, सगळं एका डब्यात. त्याच कंपनीत कापूस खरेदी करणाऱ्या अर्ल डिक्सन याने १९२० मध्ये, स्वयंपाक करताना सारखी बोटं कापून घेणाऱ्या बायकोसाठी चिकटपट्टीवर गॉजचे तुकडे लावून ठेवले, ती बँड-एड. सुरुवातीला ती लांबलचक पट्टीच्या रूपात विकली जाई, हवा तेवढा तुकडा कापून घ्यायचा. खप जेमतेम. मग कंपनीने ती स्काउटच्या मुलांना फुकट वाटली आणि नशीब पालटलं.

आता बाहेर गेलेल्या वस्तूंकडे येऊ, कारण खरी कहाणी तिथे आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात सापाच्या दंशावर एक छोटंसं हत्यार निघालं. एका टोकाला पातं, मुठीच्या पोकळीत पोटॅशियम परमँगनेटचे खडे. पटकीच्या साथीत विहिरीत टाकून पाणी गुलाबी करायचे तेच हे खडे. कल्पना सर लॉडर ब्रंटन यांची. १९०४ मध्ये त्यांनी सर जोसेफ फेयरर आणि लेनर्ड रॉजर्स यांच्याबरोबर ती शास्त्रीय निबंधात मांडली. जखम चिरायची आणि खडे चोळायचे. हे तिघे काही भोंदू नव्हते. फेयरर यांचा भारतातल्या विषारी सापांवरचा १८७२ चा ग्रंथ आजही आदराने पाहिला जातो. परीक्षानळीत परमँगनेट विषाला निकामी करतं, यातही खोटं नव्हतं. खोट इतकीच, की शरीरात शिरलेलं विष नळीतल्यासारखं एका जागी थांबत नाही. त्या खड्यांनी मांस जळे, विष पुढे गेलेलं असे. ब्लेडने चिरणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं हे सगळे त्याच विचाराचे भाऊबंद. सापाच्या दंशावर उपाय प्रतिविष हाच. मुंबईतल्या हाफकिनचं प्रतिविष महाराष्ट्राला परिचयाचं आहे. पण ते शिरेतून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यायचं असतं. पेटीत ठेवायची ती चीज नाही. म्हणून सर्पदंशाच्या बाबतीत पेटीत काही शोधत बसायचं नाही. दंश झालेला भाग हलू न देता गाडी काढायची आणि थेट रुग्णालय गाठायचं.

लाल औषधाचं जाणं इतकं नाट्यमय नव्हतं. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये पहिल्या महायुद्धाच्या शेवटी ह्यू यंग यांनी ते, म्हणजे मर्क्युरोक्रोम, वापरात आणलं. आयोडिनसारखं झोंबत नाही, हा त्याचा मोठा गुण, आणि पोरांमधल्या लोकप्रियतेचं कारणही तेच. त्यात पारा होता. शिवाय जखमेच्या कडा लाल झाल्या आहेत की औषधाचाच रंग आहे, हे ओळखता येईना. १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सर्वमान्य सुरक्षित औषधांतून त्याला वगळलं. त्याच्या जागी पोव्हिडोन आयोडिन आलं, पण खरचटण्यावर पहिला उपाय आता त्याहून साधा आहे: नळाखाली साबण-पाण्याने धुणं. भाजण्याचंही तसंच. बर्नोल, शाई, टूथपेस्ट सगळं बाजूला ठेवून वीस मिनिटं गार, वाहतं पाणी. वीस मिनिटं म्हणजे वीसच; दोन मिनिटांत घाई करून मलम चोपडायची आपली सवय मोडायला हवी.

गेलेली वस्तू परतही येते. रक्त थांबवायला हाता-पायाला आवळायचा टूर्निके प्रथमोपचाराच्या पुस्तकांतून जवळपास हद्दपार झाला होता. फार वेळ राहिला तर अवयव जातो, ही भीती. इराक-अफगाणिस्तानातल्या युद्धांनी तो परत आणला. दाब देऊनही न थांबणाऱ्या, जीवघेण्या रक्तस्रावासाठी त्याचं स्थान आता मान्य आहे. सापासाठी नव्हे, हे पुन्हा सांगतो.

नव्याने आलेल्यांत मला सर्वांत मोठी वाटते ती एक साधी पुडी, ओआरएसची. १९७१ च्या बांगलादेश युद्धात बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाइन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोजचं मिश्रण पिंपांत भरून नातेवाइकांनाच रुग्णांना पाजायला लावलं. छावणीतला मृत्यूदर ३० टक्क्यांवरून चारच्या खाली आला. आज पुडीतल्या क्षारांचं प्रमाण बदललंय, कल्पना तीच आहे. बँडेज विसरलात तरी भागेल, उपरणं-ओढणी आहे. पण जून-जुलैच्या आमांशात आणि एप्रिलच्या उन्हात ओआरएसला पर्याय नाही. आपल्याकडे ‘प्रथमोपचार’ म्हटलं की अजून डोळ्यांपुढे जखमच येते, हे मला नेहमी खटकतं. आजीच्या बटव्याने पोट ओळखलं होतं.

स्वतःची पेटी भरताना म्हणून दुकानातली तयार पेटी हा फक्त सांगाडा समजावा. गॉज, रोलर आणि क्रेप बँडेज, त्रिकोणी पट्टी, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, पोव्हिडोन आयोडिन, ओआरएस, पॅरासिटामॉल इतकं बहुतेकांना लागतं. बाकी तुमचं तुम्हालाच माहीत: दमा असेल तर इन्हेलर, मधुमेह असेल तर साखर, रक्तदाबाच्या चार दिवसांच्या गोळ्या. शिवाय कशाची ॲलर्जी आहे आणि कुणाला फोन करायचा, हे लिहिलेला कागद. पेटी बहुतेकदा दुसराच कुणीतरी उघडतो. त्याला तुमचं काही ठाऊक नसतं.

शेवटची काढायची गोष्ट पेटीच्या झाकणावर आहे. पांढऱ्यावरचा लाल क्रॉस हे औषधोपचाराचं सर्वसाधारण चिन्ह नव्हे. १८६४ च्या जिनिव्हा करारापासून ते युद्धात जखमींची सेवा करणाऱ्यांच्या संरक्षणाचं चिन्ह आहे. जॉन्सन अँड जॉन्सन ते कराराशी निगडित अमेरिकन कायद्याच्या आधीपासून वापरत होती, म्हणून तिला सवलत मिळाली. २००७ मध्ये तर तिने प्रथमोपचार पेट्यांवरच्या या क्रॉसवरून अमेरिकन रेडक्रॉसवरच दावा ठोकला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. भारतात १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय हे चिन्ह वापरायला मनाई आहे, पाचशे रुपयांपर्यंत दंड आहे. तरी दवाखान्याच्या पाटीपासून औषधाच्या दुकानापर्यंत ते सर्रास दिसतं. प्रथमोपचाराचं आंतरराष्ट्रीय चिन्ह हिरव्यावर पांढरा क्रॉस हे आहे. तुमच्या पेटीवर लाल असेल तर त्यावर हिरवा कागद चिकटवा, आणि झाकणाला हात लावलाच आहे तर आतल्या बाटल्यांवरच्या तारखाही वाचून घ्या.