तेरेझे हेलर यांचे चार महिने : जठराचा कर्करोग आणि लसिकाग्रंथींचा शोध

१/ २९ जानेवारी १८८१, व्हिएन्ना. थिओडोर बिलरोथ यांनी ४३ वर्षांच्या तेरेझे हेलर यांच्या जठराचा कर्करोगग्रस्त भाग काढून उरलेले जठर आतड्याला जोडले. त्यापूर्वी पेआं (१८७९) आणि रिडिगियर (१८८०) यांनी हे धाडस केले होते. दोघांचेही रुग्ण काही दिवसांतच दगावले. हेलर मात्र बऱ्या होऊन घरी गेल्या.

२/ चार महिन्यांनी त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात दिसले, की जठराचा जोड उत्तम भरून आला होता. कर्करोग मात्र पोटात इतरत्र पसरला होता.

३/ या रोगाच्या प्रसाराची एक प्रमुख वाट म्हणजे लसिकावाहिन्या. पेशी प्रथम जठरालगतच्या ग्रंथींत अडकतात, मग धमन्यांच्या कडेने महाधमनीपर्यंत पोहोचतात. पोटातील कर्करोगात मानेच्या डाव्या बाजूस, गळ्याच्या हाडाच्या वर गाठ येते, हे विर्खो यांनी १८४८ मध्येच नोंदवले होते.

४/ या वाटेचा सर्वांत काटेकोर नकाशा जपानने काढला. तेथे हा रोग फार आढळे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने प्रत्येक ग्रंथीसमूहाला क्रमांक दिला. केवळ लगतच्या ग्रंथी काढणे म्हणजे 'डी-१'; धमन्यांच्या कडेच्याही काढणे म्हणजे 'डी-२'.

५/ युरोपला शंका होती. नेदरलँड्समध्ये १९८९ ते १९९३ दरम्यान ७११ रुग्णांवर तुलना झाली. शस्त्रक्रियेनंतरचे मृत्यू डी-१ मध्ये ४ टक्के, तर डी-२ मध्ये १० टक्के. पाच वर्षे जगणारे अनुक्रमे ४५ आणि ४७ टक्के. डी-२ व्यर्थ ठरली, असेच अनेकांना वाटले.

६/ पंधरा वर्षांनी त्याच रुग्णांची पुन्हा मोजदाद झाली. जठराच्या कर्करोगाने झालेले मृत्यू डी-१ मध्ये ४८ टक्के, डी-२ मध्ये ३७ टक्के. आरंभीच्या मृत्यूंचे एक मोठे कारण होते डी-२ सोबत प्लीहा व स्वादुपिंडाचे टोक काढणे. ते टाळले, तर डी-२ हितकारक, असा निष्कर्ष निघाला.

७/ मग आणखी पुढे जावे काय? जपानने महाधमनीभोवतीच्या ग्रंथीही काढून पाहिल्या. २००८ मध्ये उत्तर आले : पाच वर्षांचे जीवनमान डी-२ नंतर ६९.२ टक्के, विस्तारित शस्त्रक्रियेनंतर ७०.३ टक्के. अधिक कापण्याला मर्यादा आहे, हे जपाननेच सिद्ध केले.

८/ १९९७ पासून आंतरराष्ट्रीय वर्गीकरण बाधित ग्रंथींच्या संख्येवर उभे आहे. आज १-२, ३-६ आणि ७ वा अधिक अशा पायऱ्या आहेत. पायरी चढते तशी जगण्याची शक्यता घटते. मात्र मुळात पुरेशा ग्रंथी, किमान पंधरा-सोळा, तपासल्या नाहीत, तर हा हिशेबच फसवा ठरतो.

९/ हेलर यांच्या काळी असा हिशेब मांडण्याची पद्धतच नव्हती. त्यांच्या जठराचा नमुना व्हिएन्नाच्या योझेफिनुम संग्रहालयात आजही जतन आहे. बिलरोथ यांनी घातलेला जोड त्यात शाबूत आहे.