दूरस्थ मेज : कचेरीतील संगणकांच्या व्यवस्थेचा इतिहास

राष्ट्रसभेचे ५० वे अधिवेशन २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी यावल तालुक्यातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन होय. अध्यक्षस्थानी जवाहरलाल नेहरू होते. नंदलाल बसूंच्या कल्पनेतून तेथे बांबूंचे टिळकनगर उभे राहिले. लोकांनी केंद्राकडे जावे त्याऐवजी केंद्रानेच लोकांकडे यावे, असा त्यामागील गांधीजींचा विचार होता. केंद्र व परिघ यांचा हा प्रश्न या परिसराला पुढेही वेगवेगळ्या रूपांत भेटत राहिला. १९६१ साली फैजपुरात धनाजी नाना महाविद्यालय निघाले, तेव्हा त्याचे विद्यापीठ पुण्यास होते. १९९० मध्ये जळगावी स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झाल्यावर ते अंतर तुटले. कचेरीतील संगणक कोठे असावा, त्याची देखभाल कोणी करावी, या वरवर तांत्रिक दिसणाऱ्या वादातही हाच प्रश्न दडलेला आहे. डेस्कटॉप व्हर्च्युअलायझेशन या पद्धतीचे वर्णन केवळ सोय म्हणून केले जाते. तिचा इतिहास मात्र सत्तेच्या व जबाबदारीच्या वाटणीचा आहे.

आरंभी संज्ञेविषयी थोडे सांगणे इष्ट ठरेल. मराठीत ‘व्हर्च्युअल’ या शब्दासाठी ‘आभासी’ हा पर्याय रूढ झाला, तो पदार्थविज्ञानातील ‘आभासी प्रतिमा’ या संज्ञेच्या वळणाने. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुण, सामर्थ्य असा आहे; रूपाने नव्हे तर परिणामाने जे तेच आहे, ते व्हर्च्युअल. मराठी पर्यायामुळे मात्र काहीतरी खोटे, भासमान असल्याचा ग्रह होतो. वस्तुतः या पद्धतीत काम खरेच होते. फक्त ते मेजावरच्या यंत्रात न होता दूरच्या यंत्रात होते, आणि मेजावर त्याचे चित्र तेवढे येते. म्हणून ‘दूरस्थ मेज’ ही संज्ञा अधिक सार्थ वाटते.

ही कल्पना वैयक्तिक संगणकाहूनही जुनी आहे. आयबीएम कंपनीच्या केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथील केंद्रात १९६४ च्या अखेरीस एका प्रयोगास प्रारंभ झाला. एकाच मोठ्या यंत्रावर असा एक नियंत्रक कार्यक्रम चालवावयाचा की, प्रत्येक वापरकर्त्यास स्वतःचे संपूर्ण यंत्र मिळाल्याचा प्रत्यय यावा. १९६७ मध्ये ही व्यवस्था प्रत्यक्ष वापरात आली आणि एका यंत्राची चौदा यंत्रे झाली. १९७२ मध्ये कंपनीने तिचे व्यापारी रूप जाहीर केले. यंत्र अतोनात महाग आणि माणसे अनेक, हे त्यामागील साधे कारण होते. भारतात तर ही टंचाई फारच तीव्र होती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली आलेला सीडीसी ३६०० हा संगणक तेथील संशोधकांबरोबर बाहेरच्या संस्थांचीही गणिते सोडवीत असे. (याच संस्थेने स्वतः बांधलेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाचे १९६२ मध्ये नामकरण केले, तेही फैजपूरच्या त्याच अध्यक्षांनी.)

१९८१ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणक बाजारात आला आणि चित्र पालटले. यंत्र स्वस्त झाले. केंद्राकडे वेळ मागण्याची गरज उरली नाही. परंतु स्वातंत्र्याबरोबर देखभालीचे ओझेही प्रत्येक मेजावर आले. पाचशे मेजांच्या कचेरीत कार्यप्रणालीच्या पाचशे प्रती झाल्या. प्रत्येक दुरुस्ती पाचशे ठिकाणी पोचवावयाची, प्रत्येक बिघाडासाठी माणूस धाडावयाचा, आणि कोणत्या तबकडीत कोणती कागदपत्रे आहेत हे कोणासही खात्रीने माहीत नाही, अशी अवस्था आली. यंत्राच्या किमतीहून ते सांभाळण्याचा खर्च जड वाटू लागला, तेव्हा जुन्या कल्पनेकडे पुन्हा लक्ष गेले. १९९५ च्या सुमारास सिट्रिक्स कंपनीने एका सर्व्हरवर अनेकांनी काम करण्याची सोय विकावयास काढली. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने आयबीएमचे तत्त्व सामान्य संगणकावर आणले आणि २००६ च्या सुमारास ते कचेरीच्या मेजापर्यंत पोचविले.

हिची रचना थोडक्यात अशी. सर्व्हरवर हायपरवायझर नावाचा नियंत्रक असतो. तो एका यंत्राचे अनेक स्वतंत्र भाग पाडतो. कार्यप्रणालीची एकच मूळ प्रत जपली जाते आणि तिच्यावरून प्रत्येकाचे मेज तयार होते. दुरुस्ती मूळ प्रतीत केली की पुढच्या वेळी सर्वांनाच ती मिळते. मेजावर पडदा, कळफलक आणि एक लहानशी पेटी पुरते. तथापि ही पद्धत स्वस्त असते असे मानणे भाबडेपणाचे होईल. सकाळी सर्व कर्मचारी एकाच वेळी कामास बसले की मध्यवर्ती साठवणीवर इतका ताण येतो की, त्या क्षणासाठीच ती मोठी घ्यावी लागते.

विखुरलेल्या व्यवस्थेची किंमत २७ जून २०१७ रोजी महाराष्ट्रास प्रत्यक्ष दिसली. युक्रेनमधील हिशेबाच्या एका कार्यक्रमातून पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या विध्वंसक कार्यक्रमाने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा निकामी केली आणि न्हावा शेवा बंदरातील तिच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे सांगितल्याप्रमाणे ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर दहा दिवसांत नव्याने उभे करावे लागले. पंचेचाळीस हजार मेजे एकेक करून सावरण्याचे हे काम एका मूळ प्रतीवरून कितीतरी सुकर झाले असते. परंतु ४,००० सर्व्हरांचा आकडाही नजरेआड करता येत नाही. केंद्रच बाधित झाले तर मूळ प्रत कोठून आणावयाची? मर्स्कची ओळखपत्रे सांभाळणारे सुमारे १५० सर्व्हर परस्परांच्या नकला ठेवीत असत, आणि तेही एकत्रच नष्ट झाले. वाचला तो केवळ घानामधील एक, कारण हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेली होती. त्यातील माहिती माणसाच्या हाती नायजेरियामार्गे इंग्लंडला न्यावी लागली. २००५ नंतरची काही वर्षे दीर्घ भारनियमन सोसलेल्या ग्रामीण महाराष्ट्राच्या वाचकास या घटनेतील विपर्यास वेगळा समजावून सांगावयास नको.

फैजपूरसारख्या गावाच्या दृष्टीने पाहता दूरस्थ मेजाचा लाभ उघड आहे. तज्ज्ञ तंत्रज्ञ जळगावहून यावा लागत नाही, आणि जुनी यंत्रेही पडद्याचे काम करू शकतात. मार्च २०२० मधील टाळेबंदीत हा लाभ शहरांनाही पटला. मुंबईच्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने लाखो कर्मचाऱ्यांना घरून काम करू दिले, आणि २०२५ पर्यंत एका वेळी चतुर्थांशच लोक कचेरीत असतील असा संकल्प सोडला. २०२३ च्या ऑक्टोबरात तिनेच त्यांना आठवड्याचे पाचही दिवस कचेरीत बोलावले. यंत्र दूर नेणे शक्य झाले. माणूस दूर ठेवणे व्यवस्थापनास रुचले नाही, असाच याचा अर्थ घ्यावा लागतो.

उलट बाजू लहान बँकांच्या इतिहासात दिसते. स्वतःची यंत्रणा परवडत नसल्याने अनेक सहकारी व ग्रामीण बँकांनी आपला कारभार सामायिक केंद्रांवर सोपविला. तो मेजाचा नव्हे, खातेवहीचा प्रकार आहे. तत्त्व मात्र तेच. ३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादात्या कंपनीवर खंडणीखोर कार्यक्रमाचा हल्ला झाल्याचे उघड होताच राष्ट्रीय देयक महामंडळाने तिला जाळ्यापासून अलग केले. सुमारे ३०० लहान बँकांचे देयक व्यवहार त्यामुळे थांबले. देशातील एकूण देयकांच्या तुलनेत हा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याचे तेव्हा सांगितले गेले. केंद्रातून मोजले असता ते खरेच होते. तालुक्याच्या गावी एकाच बँकेत खाते असलेल्या ग्राहकाचे मात्र सर्वच व्यवहार अडले होते. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, जोडणी पूर्ववत झाली.