रेडिएटर दुरुस्ती, जुन्या मालमोटारींतील
एंजिनातील तापलेले पाणी निवविणाऱ्या रेडिएटराची गळती थांबविण्याच्या वा तो बदलण्याच्या पद्धती. अमेरिकेतील फोर्ड कंपनीची एक टनी ‘मॉडेल टीटी’ मालमोटार (१९१७–२७) हे याचे बोलके उदाहरण होय. तिच्यात पाण्याचा पंप नव्हता. तापून हलके झालेले पाणी वरच्या टाकीत चढे आणि नळ्यांतून निवत खाली येऊन पुन्हा एंजिनात शिरे. पाण्याची पातळी वरच्या जोडनळीखाली गेली की हे अभिसरण खुंटे. त्यामुळे थेंबथेंब गळतीही एंजिनाच्या मुळावर येई. वाटेत चालक पाण्यात मोहरीची पूड, कोंडा किंवा अंड्याचा पांढरा बलक टाकीत. त्याने छिद्र बुजे, पण अरुंद नळ्याही तुंबत; उपायापेक्षा अपायच अधिक.

खरी दुरुस्ती डाखकामाने होई. कथिल-शिशाचा डाख सु. १८३° से. पासून मऊ होऊ लागतो, तर पितळ ९००° से. पर्यंत टिकते, म्हणूनच कारागिरास सांधा सोडवून पुन्हा जोडता येई. रेडिएटराची तोंडे बंद करून व आत थोडी हवा भरून तो पाण्यात बुडवीत. बुडबुड्यांवरून छिद्र सापडे. फुटकी नळी दोन्ही टोकांस बंद करीत. अशा नळ्या फार झाल्यास टाक्या ठेवून मधला गाभा तेवढा नवा बसवीत.

१९७० च्या दशकापासून मोटारगाड्यांत ॲल्युमिनियमाचा गाभा व प्लॅस्टिकच्या टाक्या रूढ होत गेल्या. ऑक्साइडाच्या पापुद्र्यामुळे ॲल्युमिनियमावर साधा डाख धरत नाही. असा रेडिएटर सहसा बदलतात. जुन्या मालमोटारी जतन करणारे मात्र मूळ टाक्या व कवच राखून आत तांब्या-पितळेचाच नवा गाभा घालणे पसंत करतात.