चुलीची निवड

इतिहासग्रंथांत राजधान्या कोठें होत्या हें सांपडतें; त्या राजधान्यांतील चुली कशा होत्या हें सहसा सांपडत नाहीं. तरी माणसाच्या रोजच्या आयुष्यावर किल्ल्यापेक्षां चुलीचीच सत्ता अधिक चालत आलेली आहे. नांदेड-लातुरांतील सुस्थित कुटुंबांत नवें घर बांधतांना आतां एक नवा प्रश्न निघतो: वर चार-पांच शेगड्या व खालीं भट्टी असलेली, पाश्चात्य लोक जिला ‘रेंज’ म्हणतात ती किंमती चूल घ्यावी काय? दुकानांतील माहितीपत्रक हातीं घेण्यापूर्वीं चुलीचा इतिहास थोडा चाळलेला बरा.

लातूर जिल्ह्याच्या सीमेपलीकडे, बिदर जिल्ह्यांत, बसवकल्याण आहे. तीच चालुक्यांची कल्याणी. तेथील राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या इ. स. ११२९ च्या सुमाराच्या संस्कृत ग्रंथांत अन्नभोगाचें प्रकरण आहे. त्यांत मांडे करण्याची रीत दिलेली आहे: कणकेचा गोळा हातानें पसरावयाचा, तापलेल्या खापरावर टाकावयाचा व करपण्यापूर्वीं उचलावयाचा. मुक्ताबाईला खापर मिळूं दिलें नाहीं, तेव्हां ज्ञानेश्वरांनीं आपली पाठ पुढें केली, ही आख्यायिका आपल्या घरोघरीं ठाऊक आहे. तिच्यांतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिच्या मुळाशीं असलेलें पाकशास्त्र खरें आहे. मांड्याला त्याचें खापर हवें. पदार्थ आधीं ठरतो. चूल व भांडें मागून येतात.

पदार्थाइतकेंच महत्त्व सरपणाचें. मराठवाड्यांतील खेड्यांत जळण बहुधा शेतांतूनच येई, व पुष्कळ घरीं आजहि येतें. कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या हें तें जळण. ज्या शेतानें डाळ दिली, त्यानेंच ती शिजविण्याचा विस्तवहि द्यावा, अशी ही व्यवस्था होती. तुराटी भडकन् पेटते व लवकर विझते. गोवरी मंद, पण दीर्घकाळ धुमसते. चुलीच्या बाजूला ‘वैल’ काढून मुख्य जाळाची वांया जाणारी आंच तिकडे वळवीत. एकाच विस्तवावर मधें तवा, वैलावर वरण, आणि तोंडाशीं ओढलेल्या निखाऱ्यांवर फुगणारी भाकरी, अशी तीन तऱ्हेची उष्णता एका वेळीं मिळे. पाश्चात्य रेंजचें तत्त्व तरी याहून निराळें काय आहे? शिवाय ही चूल घरची बाई स्वतः मातीनें घाली व लिंपी. तिचें तोंड किती रुंद असावें, वैल केवढा असावा, हें ती आपल्या भांड्यांवरून व आपल्या हाताच्या सोईवरून ठरवी. पण या चुलीला धुराडें नसे. सारा धूर तिच्याच डोळ्यांत व छातींत जाई. जुन्या चुलीचें गुणगान करणारांनीं हें विसरूं नये.

धूर व नासाडी यांचा त्रास युरोपासहि होता. १७९० नंतरच्या दशकांत काउंट रम्फर्ड यानें म्यूनिकमध्यें प्रत्येक भांड्यास स्वतंत्र, बंदिस्त व झडप असलेली चूल बांधून जळणाची बचत करून दाखविली. पुढें स्वीडन देशानें जगाला दोन चुली दिल्या. १८९२ मध्यें लिंडक्विस्ट यानें काजळी न धरणारा प्रायमस स्टोव्ह काढला. १९२२ मध्यें गुस्ताफ डालेन यानें ‘आगा’ ही ओतीव लोखंडाची रेंज काढली. डालेन यास १९१२ चें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें होतें, व त्याच वर्षीं एका स्फोटांत त्याची दृष्टि गेली होती. पत्नीचे चुलीपाशींचे कष्ट या अंध शास्त्रज्ञास जाणवले, असें सांगतात. त्याची रेंज रात्रंदिवस तापलेली राही. थंड देशांत तें वरदान. लातूरच्या वैशाखांत ती शिक्षा झाली असती. आपल्याकडे आला तो प्रायमस, कारण तो हवा तेव्हां पेटे व काम संपतांच विझे. मात्र ‘स्टोव्हच्या भडक्यानें’ मेलेल्या सुनांच्या बातम्याहि पुढें वर्तमानपत्रांत येऊं लागल्या, आणि ते सारेच अपघात नव्हते.

१९५५ मध्यें बर्मा-शेल कंपनीनें मुंबईंत गॅस आणला. १९६५ मध्यें इंडियन ऑइलचा ‘इंडेन’ कलकत्त्यास सुरू झाला, आणि २०१६ च्या उज्ज्वला योजनेनें सिलिंडर गरिबांच्या झोंपडीपर्यंत नेलें. धूर गेला, त्याबरोबर निखाराहि गेला.

आतां प्रस्तुत प्रश्नाकडे वळूं. आपल्याकडे रेंजची खरी परीक्षा ज्वारीच्या भाकरीनें करावी. मोठ्या शेगडीची ज्योत इतकी पसरट हवी कीं, जाड तव्यावर भाकरीची कड व मध्य सारखे भाजावे. लहान शेगडी इतकी मंद राहावी कीं, दूध लागूं नये. ज्योत विझतांच गॅस आपोआप बंद होण्याची सोय असावी. भारतीय मानकाप्रमाणें गॅसच्या घरगुती शेगडीनें शेकडा ६८ तरी उष्णता कामीं लावली पाहिजे. विजेची इंडक्शन चूल याहूनहि काटकसरी आहे. परंतु पितळेचें पातेलें किंवा मातीचा तवा तिच्यावर तापत नाहीं, भाकरी फुगवावयास तिला ज्योत नाहीं, आणि वीज गेली कीं ती थंड. खालची भट्टी महिन्यांतून किती वेळां पेटेल, हेंहि प्रामाणिकपणें मोजावें. न पेटणारी भट्टी म्हणजे महागडें कपाट होय.

चूल विकत मिळूं लागली तेव्हांपासून तिची निवड, रांधणारीच्या हातून निघून, पैसे मोजणाराच्या हातीं गेली. तो चकाकी पाहतो. ओट्याची उंची, पातेल्याचें वजन व धुराची वाट हीं तिला रोज सोसावीं लागतात. घरांत जो रांधतो, मग तो पुरुष असो वा स्त्री, त्यास आपला तवा व आपलें पातेलें घेऊन दुकानांत पाठवावें, आणि किंमत देणारानें तेथें मुकाट्यानें उभें राहावें.