रानातले झुरळ आणि काड्यापेटी

मंडळी, झुरळ म्हटले की आपला हात आधी चपलेकडे जातो. गेल्या पावसाळ्यात मी रोह्याजवळ धाटावला गेलो होतो. तिथे आज कारखान्यांची वसाहत आहे. पण डोंगराकडे थोडे चालले की रान लागते. एका मुलाने ओल्या पाचोळ्याखालचा एक तपकिरी किडा काड्यापेटीतून आणून दाखवला. आम्ही मोठी माणसे ओरडलो, "शी, झुरळ! फेक ते." पोर म्हणाले, "पण सर, हे घरातलं नाही."

पोराचे म्हणणे खरे होते. जगात झुरळांच्या सुमारे ४,५०० जाती आहेत. त्यांतल्या जेमतेम तीसेक माणसाच्या घराशी सोयरीक ठेवतात. बाकीच्या रानात राहतात, पाचोळा खातात, त्याची माती व्हायला हातभार लावतात.

आपल्या देशातल्या अशाच एका रानझुरळाची गोष्ट सांगतो. ते काळेभोर असते आणि पाठीवर सात पांढुरके ठिपके असतात. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने त्याला शास्त्रीय नाव दिले, ते लंडनचा औषधविक्रेता जेम्स पेटिव्हर याच्या स्मरणार्थ. पेटिव्हर मोठा हौशी संग्राहक. तो हिंदुस्थानात कधी आला नाही. पण मद्रासच्या किल्ल्यातला सॅम्युअल ब्राऊन हा शल्यवैद्य त्याला इकडच्या वनस्पती पाठवीत असे. मौज अशी की, लिनियसने हे झुरळ चक्क भुंगेऱ्यांच्या गटात घातले! मेलेला, वाळलेला किडा पाहून भलेभले फसतात. तो पाळला असता तर चूक ध्यानात आली असती. कारण भुंगेऱ्याची आधी अळी होते, मग कोश. झुरळाला कोश नाही. त्याचे पिल्लू कात टाकत टाकतच मोठे होते.

पाळून पाहण्याची ही रीत आपल्याकडेही रुजली. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जणांनी निसर्गेतिहास मंडळी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. पहिला चिटणीस एडवर्ड एटकेन हा साताऱ्यात जन्मलेला, मीठ व जकात खात्यातला अधिकारी. उरण, रत्नागिरी, कारवार अशा त्याच्या बदल्या झाल्या. नोकरी सांभाळून तो सुरवंट पाळी. कोणत्या सुरवंटाचे कोणते फुलपाखरू होते, हे त्याने आणि डेव्हिडसनने १८९० साली मंडळीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती चिकाटी.

गुरुजी, हे तुमच्या शाळेतही जमेल. काचेच्या बरणीत चार बोटे भुसभुशीत माती घाला, वर सुका पाचोळा पसरा, तोंडाला फडके बांधा. माती किंचित ओलसर ठेवा, चिखल नको. अधूनमधून काकडीची चकती टाका, बुरशी यायच्या आत काढा. ठिपक्यांच्या झुरळाची पिल्ले महिनेन्‌महिने मातीतच राहतात, म्हणून धीर धरा. दोन पथ्ये मात्र पाळा. अभयारण्यातून परवानगीवाचून काही उचलू नका, आणि किडा जिथला असेल तिथेच परत सोडा. घरातले झुरळ मात्र या हौसेत आणू नका.

शेजारी एक वही ठेवा. तारीख, जागा, पाऊस, त्याने काय खाल्ले, कात कधी टाकली, आणि पाहणाऱ्या मुलाचे नाव, एवढे लिहा. त्या ठिपक्यांच्या झुरळाला लंडनच्या माणसाचे नाव मिळाले. इथल्या मातीतून ज्याने ते प्रथम उचलले, त्याचे नाव कुठेच नाही. त्याने पाहिले, पण लिहिले नाही.

धाटावच्या त्या मुलाला मी काड्यापेटी परत दिली आणि माझ्या खिशातली छोटी वहीही दिली. पहिल्या पानावर त्याने आधी स्वतःचे नाव लिहिले.