आपले सोडू नका

दिवाळीच्या फराळात नाताळाचा विषय कशाला, असे एखाद्या वाचकाला वाटेल. पण ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज, आणि आपण तो परका मानीत नाही. चावी, पगार, पाव यांच्या सोबतीने तो आला आणि घरचाच झाला. त्या बोलीचे एक आख्खे गाव आमच्या कुंडलिकेच्या मुखाशी आहे : कोर्लई. त्या गावाने मला गाणे शिकविले, त्याची ही हकीकत.

मॅट्रिकपलीकडे माझे शिक्षण नाही, आणि गाण्याचे तर मुळीच नाही. भजनात मागच्या रांगेत टाळ कुटायचे, एवढीच माझी गानविद्या. एका डिसेंबरात तेथील माउंट कार्मेल चर्चच्या गायकवृंदात जाड आवाजाची माणसे कमी पडली. माझा एक जुना विद्यार्थी म्हणाला, “गुरुजी, गाणी मराठीच आहेत. तुम्ही याच.”

मी गेलो, आणि पहिल्याच संध्याकाळी फजिती झाली. भजनात सारे एकच चाल म्हणतात. येथे बायका वर चढत असताना आम्ही पुरुषांनी खाली वेगळेच सूर धरायचे होते. शेजारचा सूर कानी पडला की मी त्याच्यामागे धावे. पुढच्या रांगेतील एक म्हातारी वळून म्हणाली, “मास्तर, दुसऱ्याचं ऐकायचं, पण आपलं सोडायचं नाही.”

घरी जाताना जाणवले, की हा तर त्या गावाचा इतिहासच!

१५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी चौलला ठाणे घातले. १५९४ मध्ये समोरचा कोर्लईचा डोंगरही घेतला. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई जिंकली, आणि पुढच्याच वर्षी तहाने चौल मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले. मागे राहिलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या तोंडी मात्र त्यांची बोली राहिली. गावकरी तिला ‘नो लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. तिचे शब्द बहुतेक पोर्तुगीज. पण क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. शेजारणीचे ऐकले, पण आपले सोडले नाही! तिला क्रमिक पुस्तक नाही, परीक्षा नाही. आईच्या तोंडून लेकराच्या कानी, एवढीच तिची शाळा.

चर्चमध्ये पूर्वी लॅटिन आणि पोर्तुगीज असे. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली आणि पुढे कोर्लईत मराठी आली. म्हणूनच माझ्यासारख्याला त्या रांगेत उभे राहता आले. पण देवळात मराठी, शाळेत मराठी. ‘नो लिंग’ला उरले स्वयंपाकघर आणि अंगण. हे मनात आले तेव्हा मी ओशाळलो. वर्गात “मराठीत बोला रे!” असे वर्षानुवर्षे दटावणारा मास्तर मीच होतो. कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला शब्दांची कदर असावी, असा लोकांचा समज असतो.

नाताळच्या मध्यरात्री मी आपला खालचा सूर धरून उभा राहिलो. दोनदा घसरलो. म्हातारीने मागे वळून पाहिले नाही. मी ते उत्तीर्ण झाल्याचे लक्षण मानले. मग अंगणात मंडळी आपल्या बोलीत हसू-बोलू लागली आणि मी कडेला उभा राहून नुसता ऐकत होतो.

जानेवारीत वर्गात एका पोराच्या तोंडून पाण्यासाठी घरचा शब्द निसटला. त्याने जीभ चावली. मी तो शब्द फळ्यावर ‘पाणी’च्या शेजारी लिहिला आणि मोठ्याने वाचला. सारा वर्ग खिदळला.

“तसं नाही, गुरुजी,” पोर उभे राहून म्हणाले, “शेवट एवढा लांबवायचा नाही.”

मी पुन्हा म्हटले.