मोटारींतील ठिणगी

कोल्हापुरांत विजयादशमीच्या दिवशीं राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार शाही लवाजम्यासह दसरा चौकांत येते, आणि तिच्या दर्शनासाठीं गर्दी लोटते. ज्या घराण्यावरून या गाडीस नांव मिळालें त्या घराण्यांतील विल्हेल्म मेबॅक हा गॉटलीब डाइम्लरचा उजवा हात होता. मौजेची गोष्ट ही कीं, या जोडीनें १८८३ सालीं जें जलद फिरणारें एंजिन सिद्ध केलें त्यांत विजेची ठिणगी मुळींच नव्हती. एक लहानशी नळी बाहेरून ज्योतीनें लाल होईपर्यंत तापवीत आणि तिच्या उष्णतेनें आंतील मिश्रण पेट घेई. वाऱ्यानें ज्योत विझली कीं गाडी उभी!

ठिणगीचा मार्ग ठाऊक नव्हता असें मात्र नाहीं. पॅरिस येथें लेन्वारनें १८६० सालीं केलेल्या गॅसच्या एंजिनांत ठिणगीच पडे. परंतु भरंवशाची ठिणगी मिळण्यास १९०२ साल उजाडावें लागलें. त्या वर्षीं रॉबर्ट बॉशच्या कारखान्यांतील होनोल्ड या इंजिनियरनें उच्च दाबाची वीज देणारा मॅग्नेटो व त्यास जोडावयाचा प्लग तयार केला. अमेरिकेंत केटरिंगनें बॅटरी व कॉइल यांची रचना काढली. ती पुढें कित्येक दशकें बहुतेक मोटारींत नांदली.

प्लगाचें खरें दुखणें त्याच्या आवरणाचें. एका अंगास पेटता वायु, दुसऱ्या अंगास थंड हवा, आणि मध्यें हजारों व्होल्ट. साधी चिनी माती यांत तडके. म्हणून विमानांच्या प्लगांत अभ्रक घालीत, आणि उत्तम अभ्रकाचा मोठा वाटा हिंदुस्थानांतील कोडर्मा-हजारीबागच्या खाणींतून जाई. युरोपच्या आकाशांत लढणाऱ्या विमानांची ठिणगी अशी आपल्याकडील मजुरांच्या घामावर अवलंबून होती, ही गोष्ट युद्धाच्या इतिहासांत क्वचितच वाचावयास मिळते.

सामान्य माणसाच्या हातीं ही विद्या आणली ती जीपनें. १९४१ पासून विलीस व फोर्ड या कारखान्यांनीं सैन्यासाठीं सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बांधल्या. १९४५ सालीं निघालेल्या महिंद्र कंपनीनें स्वातंत्र्यानंतर मुंबईस माझगांव येथें त्या जुळविण्यास आरंभ केला. या गाडीचें एंजिन म्हणजे उघडें पुस्तक. झाकण उचललें कीं चारही प्लग माथ्यावर सरळ उभे दिसतात. गुऱ्हाळांचीं व विहिरींवरचीं तेल-एंजिनें दुरुस्त करतां करतां ज्या गांवानें यंत्रविद्या कमावली, आणि ज्याच्या शिवाजी उद्यमनगरांत भट्टी व लेथ शेजारीं शेजारीं चालतात, त्या गांवास असें एंजिन परकें वाटण्याचें कारणच नव्हतें. घराच्या अंगणांत प्लग बदलावे इतकें तें सोपें.

तरी सोप्या कामांतच मेख असते. एंजिन निवूं द्यावें. प्लगाभोंवतींची धूळ फुंकून काढावी, नाहीं तर खडा सिलिंडरांत पडतो. प्लगाच्या टोंकांमधील फट इंचाच्या हजार भागांपैकीं तीस भाग असावी. नवा प्लग प्रथम बोटांनीं फिरवावा, पाना मागाहून. आटे एकदां तिरपे गेले तर प्लगाची किंमत बाजूस राहते आणि सगळें हेड उतरवावें लागतें. काढलेला प्लग फेंकण्यापूर्वीं पाहावा. फिकट तपकिरी रंग ही प्रकृतीची खूण. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल फाजील, आणि ओलें तेल दिसलें तर रिंगा झिजल्या असें समजावें. जाणता मिस्त्री या रंगावरून निदान करतो, वैद्यानें जीभ पाहावी तसें.

तारांचें काम याहून नाजूक. जीपच्या एंजिनांत सिलिंडर एक, तीन, चार, दोन या क्रमानें पेटतात. चारही तारा एकदम उपटणारा हा क्रम हरवून बसतो. मग एंजिन अडखळतें, कधीं कार्ब्युरेटरांतून भडका उडतो, आणि जवळच पेट्रोल असतें. म्हणून एक तार काढावी, तिच्याच मापाची नवी बसवावी, मगच दुसरीस हात घालावा.

याच तारांचा रेडिओशींही संबंध आहे. प्रत्येक ठिणगीबरोबर विद्युल्लहरी बाहेर पडतात आणि जवळच्या रेडिओंत खरखर उठते. युद्धांतील ज्या जीपगाड्यांवर हा उपद्रव दाबण्याची योजना केलेली असे, त्यांच्या झाकणावरील क्रमांकापुढें इंग्रजी एस् हें अक्षर रंगवीत. पुढें तांब्याच्या तारेऐवजीं कार्बनयुक्त धाग्याच्या तारा आल्या त्या याच कारणासाठीं. अशी तार जुनी झाली कीं तिचा अडथळा वाढतो, ठिणगी दुबळी पडते, आणि बाहेरून मात्र तींत कांहींच दोष दिसत नाहीं.

कालांतरानें देशांतील बहुतेक जीपगाड्यांत डिझेल एंजिनें आलीं. त्यांत दाबानेंच इंधन पेटतें, प्लगांस कामच उरलें नाहीं. नव्या पेट्रोल मोटारींत तर बहुधा प्रत्येक प्लगाच्या माथ्यावर स्वतंत्र कॉइल बसते. लांब तारा नाहींत, वांटप करणारी टोपीही नाहीं. एक, तीन, चार, दोन हा क्रम तिथें आतां संगणक सांभाळतो.